ऐकू न येणे आणि न उमगणे : वृद्धाश्रमांतील श्रवणसेवेचा प्रश्न

दुपारची वेळ. वृद्धाश्रमाच्या ओसरीवर एक वयोवृद्ध आजी अंगणाकडे तोंड करून बसल्या आहेत. सेविका पाठीमागून येते आणि "आजी, गोळी घ्या," असे सांगते. उत्तर येत नाही. ती आवाज चढवून पुन्हा सांगते. तरीही उत्तर नाही. शेवटी ती खांद्याला धरून हलवते, तेव्हा आजी दचकतात, हात झिडकारतात आणि रडू लागतात. रात्री नोंदवहीत एक ओळ लिहिली जाते : "औषध नाकारले. चिडचिड. सांगितलेले समजत नाही."

अशी नोंद कोणत्याही वृद्धाश्रमात होऊ शकते, आणि ती करणाऱ्या सेविकेचा त्यात दोष असतोच असे नाही. परंतु या तीन विधानांपैकी तिसरे कोणी पडताळून पाहिलेले नसते. आजींना सांगितलेले समजले नाही, की ते त्यांच्या कानापर्यंत पोचलेच नाही? ज्याला स्मृतिभ्रंश झाला आहे असे एकदा ठरले, त्या माणसाच्या बाबतीत हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. 'त्यांना आठवत नाही' हे उत्तर तयार असल्यामुळे दुसरे उत्तर शोधण्याची गरज वाटत नाही. स्मृतिभ्रंश बरा करणारे औषध अद्याप उपलब्ध नाही. ऐकू न येण्यावर मात्र पुष्कळ काही करता येते. म्हणूनच वृद्धाश्रमातील प्रत्येक स्मृतिभ्रंशग्रस्त व्यक्तीच्या बाबतीत कानाकडे प्रथम लक्ष देणे अगत्याचे ठरते.

दोन व्याधी, एकच वय

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात साठ वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्ती सुमारे १ कोटी ११ लाख होत्या. राज्याच्या लोकसंख्येत त्यांचे प्रमाण जवळजवळ १० टक्के होते. आयुर्मान वाढले, कुटुंबे लहान झाली, मुले नोकरीनिमित्त दूर गेली आणि वृद्धाश्रम ही आपल्या समाजजीवनातील एक वस्तुस्थिती बनली. या संस्थांत येणाऱ्या व्यक्तींत स्मृतिभ्रंशाने ग्रासलेल्यांचा भरणा असणे स्वाभाविक आहे. कारण घरी सांभाळणे अशक्य होण्याचे ते एक प्रमुख कारण असते.

भारतातील वृद्धांच्या स्मृतिभ्रंशाविषयी २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार साठ वर्षांवरील व्यक्तींत हे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्ती, असे आढळले. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा ग्रामीण भागात ते अधिक दिसून आले. ही बाब पंचायत सदस्यांनी विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. स्मृतिभ्रंश हा केवळ शहरी सुखवस्तू वर्गाचा विकार आहे, ही समजूत या आकड्यांनी खोटी ठरविली आहे.

दुसरी व्याधी श्रवणदोषाची. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या श्रवणविषयक अहवालानुसार जगात सुमारे दीडशे कोटी लोकांना कमी-अधिक प्रमाणात ऐकू येत नाही, आणि त्यांपैकी ४३ कोटी लोकांना उपचार व पुनर्वसनाची गरज आहे. वयाबरोबर हे प्रमाण झपाट्याने वाढते. त्यामुळे स्मृतिभ्रंश आणि बहिरेपणा हे दोन्ही एकाच व्यक्तीत एकत्र आढळणे, हा अपवाद नसून नित्याचा प्रकार होय.

महाराष्ट्राच्या बाबतीत याला आणखी एक पदर आहे. मुंबईच्या गिरणगावात आणि भिवंडी, इचलकरंजी, मालेगाव येथील यंत्रमागांवर ज्यांनी उमेदीची वर्षे काढली, त्यांचे कान मागांच्या खडखडाटाने अगोदरच अधू झालेले असतात. ८५ डेसिबलपेक्षा अधिक आवाजात वर्षानुवर्षे काम केल्यास कानाला कायमची इजा होते. तीच गोष्ट क्षयरोगावर ज्यांना पूर्वी स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने दीर्घकाळ घ्यावी लागली त्यांच्यापैकी काहींची. वृद्धाश्रमात नाव नोंदविताना जन्मतारीख व नातेवाइकांचा पत्ता विचारला जातो. त्याबरोबरच 'आयुष्यभर काम काय केले?' हा प्रश्न विचारला, तर कानाविषयी पुष्कळ काही कळून येईल.

शब्द कोठे हरवतात?

कानाच्या आतील भागात गोगलगाईच्या शंखासारखा वेटोळा असा एक लहानसा अवयव असतो. त्यात सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केसपेशी असतात. ध्वनीच्या कंपनांचे विद्युतसंदेशांत रूपांतर करून ते मेंदूकडे पाठविण्याचे काम या पेशी करतात. एकदा नष्ट झालेल्या केसपेशी माणसात पुन्हा निर्माण होत नाहीत. वयोमानानुसार सर्वप्रथम निकामी होतात त्या उंच पट्टीचे सूर टिपणाऱ्या पेशी.

याचा परिणाम मोठा विलक्षण असतो. बोलण्यातील स्वर हे खालच्या पट्टीतील व जोरकस असतात. स, श, ख, फ, थ यांसारखी व्यंजने मात्र उंच पट्टीतील व क्षीण असतात. स्वरांमुळे 'कोणी तरी बोलत आहे' हे कळते. व्यंजनांमुळे 'काय बोलत आहे' हे कळते. व्यंजने गळाली की 'सात वाजले' हे 'हात भाजले' असे कानावर पडू शकते. मग आजोबा हात पुढे करून दाखवतात आणि भोवतालचे हसतात, किंवा 'आता डोके चालत नाही' म्हणून हळहळतात. वास्तविक त्यांनी ऐकलेल्या शब्दांना दिलेला प्रतिसाद अगदी योग्य असतो.

मोठ्याने ओरडण्याने हा प्रश्न सुटत नाही. ओरडताना स्वरच अधिक मोठे होतात, व्यंजने अस्पष्टच राहतात. शिवाय दुबळ्या कानाला हळू आवाज ऐकू येत नाही आणि मोठा आवाज एकदम असह्य होतो, अशी स्थिती असते. ओरडणाऱ्याचा चेहरा रागावल्यासारखा दिसतो. शब्द कळले नाहीत तरी राग मात्र कळतो. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीची चेहऱ्यावरील भाव ओळखण्याची शक्ती पुष्कळदा बराच काळ शाबूत असते, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे.

निदानातील गफलत

पुन्हा पुन्हा तेच विचारणे, भलतेच उत्तर देणे, चारचौघांत बसणे टाळणे, 'माझ्याविषयीच कुजबुजतात' असा संशय घेणे, एकाएकी संतापणे ही सारी लक्षणे स्मृतिभ्रंशात आढळतात. ती सारी बहिरेपणातही आढळतात. दोन्ही विकार एकत्र आले म्हणजे कोणत्या लक्षणाचे मूळ कोठे, हे सांगणे अनुभवी डॉक्टरलाही कठीण जाते.

बुद्धी व स्मरणशक्ती मोजण्याच्या प्रचलित चाचण्यांतही ही अडचण आहे. १९७५ मध्ये अमेरिकेत तयार झालेली आणि जगभर वापरली जाणारी तीस गुणांची एक चाचणी घेतली, तर तिच्यातील बहुतेक प्रश्न तोंडी विचारावयाचे असतात. तीन वस्तूंची नावे सांगून ती थोड्या वेळाने परत विचारली जातात. ज्याला ती नावे नीट ऐकूच आली नाहीत, तो ती आठवून कशी सांगणार? त्याचे गुण कमी होतात आणि त्याच्या स्मरणशक्तीविषयीचा निष्कर्ष प्रत्यक्षाहून वाईट निघतो. यासाठी अशी चाचणी शांत खोलीत, कान तपासून झाल्यावर, श्रवणयंत्र असेल तर ते लावून आणि चष्मा डोळ्यांवर ठेवूनच घेतली गेली पाहिजे.

एक साधी कसोटी वृद्धाश्रमातील सेवकालाही लावता येते. शांत जागी, समोरासमोर बसून, सावकाश बोलल्यावर ज्या व्यक्तीची उत्तरे स्पष्टपणे सुधारतात, तिच्या अडचणीत कानाचा वाटा मोठा आहे असे समजावे. यावरून निदान होत नाही, पण तपासणीसाठी कोणाला आधी पाठवावे हे निश्चित ठरविता येते.

प्रथम कानात पाहावे

श्रवणसेवेची पहिली पायरी अत्यंत कमी खर्चाची आहे, आणि तीच बहुधा वगळली जाते. ती म्हणजे कानात डोकावून पाहणे. उतारवयात कानातील मळ कोरडा व घट्ट होतो आणि आपोआप बाहेर पडत नाही. मळाचा बोळा बसला की चांगल्या कानालाही ऐकू येत नाही, मग अधू कानाची काय कथा! हा मळ डॉक्टरने किंवा प्रशिक्षित परिचारिकेने काढला की कित्येकदा श्रवणयंत्रावाचूनही ऐकण्यात लक्षणीय सुधारणा होते.

आपल्याकडे कानात कोमट तेल घालण्याची व पिन, काडी किंवा केसाच्या आकड्याने कान कोरण्याची सवय आहे. ती कटाक्षाने टाळावी. पडद्याला छिद्र असल्यास तेल वा पाणी आत जाऊन जंतुसंसर्ग होतो, आणि काडीमुळे मळ अधिकच आत ढकलला जातो. ज्याला बोलून सांगता येत नाही असा रुग्ण वारंवार कान ओढत असेल, उशीवर डाग पडत असतील किंवा कानाजवळ हात नेताच तो ओरडत असेल, तर त्याला 'त्रास देणारा' न ठरविता कान दुखत आहे किंवा वाहत आहे काय, हे पाहिले पाहिजे. एका-दोन दिवसांत अचानक ऐकू येणे बंद झाल्यास ते वार्धक्य समजून थांबू नये. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे न्यावे, कारण अशा प्रसंगी लवकर केलेल्या उपचारांनाच यश येते.

यानंतरची पायरी श्रवणचाचणीची. 'स्मृतिभ्रंश असलेल्याची चाचणी कशी होणार?' असा प्रश्न नेहमी विचारला जातो. सौम्य आणि मध्यम अवस्थेतील पुष्कळ व्यक्ती, सूचना थोडक्यात व कृतीने समजावून दिल्यास, नेहमीची चाचणी देऊ शकतात. वेळ मात्र अधिक द्यावा लागतो. सकाळी, माणूस ताजातवाना असताना आणि ओळखीची सेविका सोबत असताना ती करावी. ज्यांना प्रतिसाद देताच येत नाही, त्यांच्यासाठी बेरा ही मज्जातंतूंचा प्रतिसाद मोजणारी तपासणी उपलब्ध आहे. तीत रुग्णाला काहीही सांगावे लागत नाही.

यंत्र दिले म्हणजे काम संपले नाही

श्रवणसेवा म्हणजे श्रवणयंत्रांचे वाटप, असा एक समज रूढ आहे. या समजाची मर्यादा ब्रिटनच्या उदाहरणावरून चांगली स्पष्ट होते. तेथे १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली तेव्हापासून श्रवणयंत्रे विनामूल्य दिली जातात. तेथील निवासी सेवागृहांतील सुमारे ७० टक्के रहिवाशांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे. यंत्र फुकट, तज्ज्ञ उपलब्ध, अशी अनुकूल स्थिती असूनही या सेवागृहांत अनेक यंत्रे खणात पडून राहतात, हरवतात किंवा बॅटरी संपलेल्या अवस्थेत कानावर असतात, असे तेथील अभ्यासकांना आढळून आले आहे. कारण उघड आहे. ज्याला यंत्र हवे आहे तो ते लावण्याचे विसरतो, आणि ज्याने ते लावून द्यावयाचे त्या सेवकाला ते शिकविलेले नसते.

बॅटरी संपलेले यंत्र हे यंत्र नसण्यापेक्षाही वाईट. कानात घट्ट बसलेल्या साच्यामुळे जे थोडेफार ऐकू येत होते तेही बंद होते. म्हणूनच स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीच्या श्रवणयंत्राची खरी जबाबदारी तिच्याभोवतीच्या माणसांवर असते. वृद्धाश्रमातील मावशी आणि मामा यांनी अर्ध्या दिवसात शिकून घेण्याजोगी ही कामे पुढीलप्रमाणे आहेत.

(१) सकाळी तोंड धुवून झाल्यावर यंत्र कानात बसविण्यापूर्वी ते चालू आहे काय हे पाहावे. चालू यंत्र मुठीत धरले की शीळ ऐकू येते. अलीकडच्या काही यंत्रांत शीळ रोखण्याची सोय असते, अशा वेळी तपासण्याची रीत श्रवणतज्ज्ञाकडून समजून घ्यावी.

(२) दोन कानांची यंत्रे वेगवेगळी असतात. लाल खूण उजव्या कानाची व निळी खूण डाव्या कानाची.

(३) कानात असताना यंत्र सारखी शीळ घालत असेल, तर साचा नीट बसलेला नाही किंवा कानात मळ साचला आहे असे समजावे.

(४) कानामागील यंत्राचा साचा यंत्रापासून वेगळा करून कोमट साबणपाण्याने धुवावा व पूर्ण वाळवावा. यंत्राला मात्र पाण्याचा स्पर्श होऊ देऊ नये. आंघोळीपूर्वी व झोपण्यापूर्वी ते काढून ठेवावे. कोकणासारख्या दमट हवेत आणि पावसाळ्यात ओलावा शोषणाऱ्या पुड्या घातलेल्या डबीत ठेवल्यास ते अधिक काळ टिकते.

(५) यंत्रावर व डबीवर नाव लिहावे. उशाशी, अभ्र्यात, जेवणाच्या ताटात किंवा धुण्याच्या कपड्यांत यंत्रे हरवतात. रोज रात्री मोजदाद करून सही करण्याची वही ठेवल्यास हरवण्याचे प्रमाण कमी होते.

(६) बॅटरीचा आकार क्रमांकाने व रंगाने ओळखला जातो. १३ क्रमांकाची नारिंगी, ३१२ क्रमांकाची तपकिरी, ६७५ क्रमांकाची निळी. जुनी बॅटरी कोणत्या दिवशी बदलली याची नोंद असावी.

(७) या गोल बॅटऱ्या गोळीसारख्या दिसतात. स्मृतिभ्रंश झालेली व्यक्ती त्या औषध समजून गिळण्याचा धोका असतो. त्या कुलपात ठेवाव्यात, जुन्या मोजून परत घ्याव्यात आणि कोणी गिळल्याचा संशय आल्यास विलंब न लावता रुग्णालयात न्यावे.

नव्या यंत्राची सवय व्हावयास काही आठवडे लागतात. वर्षानुवर्षे न ऐकलेले आवाज, भांड्यांचा खणखणाट, पंख्याची घरघर, स्वतःच्या चपलांचा आवाज, एकदम कानावर आदळू लागतात आणि माणूस यंत्र उपटून काढतो. यावरून 'यांना यंत्र चालत नाही' असा निर्णय घाईने देऊ नये. प्रथम शांत खोलीत, एखाद्या आवडत्या माणसाच्या संगतीत, तास-अर्धा तास लावावे व हळूहळू वेळ वाढवावा. ज्यांना कानामागील बारीक यंत्र हाताळणे किंवा सहन करणे जमत नाही, त्यांना खिशात ठेवावयाचे मोठे यंत्र अधिक सोयीचे पडते. त्याची कळ मोठी असते, ते सहज दिसते आणि सहसा हरवत नाही. तरीही कोणी ठामपणे नको म्हणत असेल, तर सक्ती करू नये. जेवणाच्या वेळी किंवा भेटीच्या वेळी पुन्हा विचारून पाहावे.

जागा आणि बोलण्याची रीत

श्रवणसेवेचा निम्मा भाग यंत्रावाचून करता येण्यासारखा आहे. आपल्याकडील वृद्धाश्रमांची दालने बहुधा मोठी, उघड्या भिंतींची व फरशीची असतात. अशा दालनात आवाज घुमतो आणि शब्द एकमेकांत मिसळतात. त्यात दिवसभर चालू असलेला दूरदर्शन संच, स्वयंपाकघरातील भांडी आणि पावसाळ्यात पत्र्याच्या छपरावर कोसळणाऱ्या सरींचा आवाज. धडधाकट कानालाही जेथे संभाषण कठीण, तेथे दुबळ्या कानाने व थकलेल्या मेंदूने काय करावे? खिडक्यांना जाड पडदे, जमिनीवर सतरंज्या, खुर्च्यांच्या पायांना रबरी टोप्या आणि जेवणाच्या वेळी संच बंद ठेवण्याचा नियम, एवढ्याने बराच फरक पडतो. निदान एक खोली तरी शांत बोलण्यासाठी राखून ठेवावी.

बोलण्याची रीतही शिकून घेण्याजोगी आहे. पाठीमागून किंवा दुसऱ्या खोलीतून हाक मारू नये. समोर यावे, आपल्या चेहऱ्यावर उजेड पडेल असे बसावे, नावाने वा 'आजी', 'आप्पा', 'काकू' अशा त्यांच्या सवयीच्या संबोधनाने हाक मारावी आणि हाताला हलकेच स्पर्श करून लक्ष वेधावे. एका वेळी एकच गोष्ट, छोट्या वाक्यात सांगावी व उत्तरासाठी थांबावे. कळले नाही तर तेच शब्द मोठ्याने न उच्चारता दुसऱ्या शब्दांत सांगावे. गोळी दाखवावी, पेला हातात द्यावा. ज्यांना वाचता येते त्यांच्यासाठी पाटीवर ठळक अक्षरांत लिहावे. चष्मा पुसून डोळ्यांवर आहे ना, हेही पाहावे. कारण ज्याला कमी ऐकू येते तो ओठांकडे पाहून बरेचसे समजून घेत असतो.

भाषेचाही येथे विचार व्हावयास हवा. स्मृतिभ्रंशात पुढे शिकलेली भाषा कधी कधी मागे पडते आणि बालपणीची भाषा टिकून राहते. खानदेशातील आजींना अहिराणीत, मालवणकडील आजोबांना मालवणीत, गुजराती कुटुंबातील काकूंना गुजरातीत दोन शब्द बोलणारे कोणी भेटले, तर न ऐकल्यासारखे बसलेले माणूस मान वर करते. अर्धवट ऐकू आलेले वाक्य ओळखीच्या भाषेत असेल, तर गाळलेले शब्द मनाने भरून काढणे सोपे जाते, हे त्यामागील कारण होय.

अपेक्षा किती ठेवावी?

या विषयात अतिशयोक्तीला फार वाव आहे, म्हणून संशोधनाचे निष्कर्ष नेमकेपणाने समजून घेतले पाहिजेत. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञगटाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाला हातभार लावणाऱ्या, पण बदलता येण्याजोग्या चौदा घटकांची यादी प्रसिद्ध केली. श्रवणदोष हा त्यांतील सर्वाधिक वाटा असलेल्या घटकांपैकी एक असून त्याचा वाटा सुमारे ७ टक्के मानला आहे. ऐकण्यासाठी मेंदूवर पडणारा अधिक ताण, मेंदूला मिळणाऱ्या ध्वनिसंवेदनांची घट आणि माणसांपासून तुटलेपण, ही त्याची संभाव्य कारणे सांगितली जातात.

अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या, स्मृतिभ्रंश न झालेल्या ९७७ व्यक्तींवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. श्रवणयंत्र व मार्गदर्शन दिल्यामुळे तीन वर्षांत सर्व सहभागी व्यक्तींच्या बौद्धिक ऱ्हासात फरक पडला असे दिसले नाही. परंतु ज्यांना आधीपासून अधिक धोका होता, त्या गटात ऱ्हासाचा वेग ४८ टक्के कमी आढळला. युरोपातील पाच देशांत, स्मृतिभ्रंश होऊन घरीच राहणाऱ्या व्यक्तींना कान व डोळे यांबाबत साहाय्य देण्याचाही प्रयोग झाला. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार ३६ आठवड्यांनंतरच्या मोजणीत जीवनमानात लक्षणीय फरक दिसून आला नाही.

तात्पर्य, श्रवणयंत्राने स्मृतिभ्रंश बरा होतो असे कोणी सांगू नये, आणि काही आठवड्यांचे साहाय्य देऊन ते थांबविले तर लाभ टिकेल, असेही गृहीत धरू नये. ऐकू आल्यामुळे माणसाला औषध कशाचे आहे ते कळते, दुखणे सांगता येते, भेटीला आलेल्या नातवाचा आवाज ओळखता येतो. नाकारण्याचा व होकार देण्याचा अधिकार त्याला बजावता येतो. हा लाभ गुणांच्या कोष्टकात मावत नसला तरी तो दुर्लक्षिण्याजोगा नाही.

उपलब्ध यंत्रणा आणि प्रत्येकाचे काम

या कामासाठी लागणारी यंत्रणा पुष्कळशी अस्तित्वात आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणासाठी २००७ मध्ये झालेल्या अधिनियमाने प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रमाची तरतूद केली आहे. महाराष्ट्रात मातोश्री वृद्धाश्रम योजना १९९५ मध्ये सुरू झाली. बहिरेपणा प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००७ पासूनचा आहे. मुंबईत वांद्रे येथे १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय वाणी व श्रवण दिव्यांगजन संस्था या क्षेत्रातील तज्ज्ञ घडविण्याचे कार्य करीत आली आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतील साधनांत श्रवणयंत्राचा समावेश आहे. राज्य शासनाने २०२४ मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील पात्र व्यक्तींना अशा साधनांसाठी एकरकमी ३ हजार रुपये देण्याची तरतूद करण्यात आली. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय साहाय्यवाहिनीही आहे.

उणीव आहे ती या दुव्यांना जोडणाऱ्या माणसांची. वृद्धाश्रमाची पाहणी करणाऱ्या अधिकाऱ्याने शौचालये, धान्यसाठा व हिशेबाच्या वह्या यांबरोबर चार प्रश्न विचारावेत. प्रत्येक रहिवाशाचे कान वर्षातून एकदा तपासले जातात काय? किती जणांकडे यंत्रे आहेत आणि आज किती जणांच्या कानावर ती चालू स्थितीत आहेत? बॅटऱ्या कोण आणतो व खर्च कोठून होतो? सेवकांपैकी कोणाला हे काम शिकविले आहे? यांपैकी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कागदावरून घेऊ नये, दालनातून फिरून स्वतः पाहावे.

पंचायत सदस्यांच्या दृष्टीने वृद्धाश्रमाइकेच महत्त्व गावातील घरांना आहे. वृद्धाश्रमात जाणारा माणूस त्यापूर्वी अनेक वर्षे गावातच ऐकू न येण्याच्या अवस्थेत काढतो. आशा कार्यकर्त्या भरीत असलेल्या तपासणीयादीत ऐकण्यातील अडचणीविषयी व विसरण्याविषयी, असे दोन्ही प्रश्न आहेत. त्यांतील 'होय' अशा उत्तरांचे पुढे काय झाले, हे ग्रामसभेने विचारावे. जिल्हा रुग्णालयात तपासणीसाठी जाण्याच्या दिवशी चार-पाच वृद्धांना एकत्र नेण्यासाठी वाहनाची सोय करणे, हे पंचायतीच्या आवाक्यातील काम आहे.

शिक्षकांचा वाटाही लहान नाही. भाकरी, पाणी, औषध, दुखते आहे, झोपायचे आहे, घरच्यांशी बोलायचे आहे, अशा आशयाची मोठी चित्रपत्रे विद्यार्थ्यांकडून तयार करून घेऊन जवळच्या वृद्धाश्रमास देता येतील. विद्यार्थ्यांची भेट ठरविताना चाळीस मुलांनी एकदम गलका करीत जाण्यापेक्षा एका आजीसमोर एका मुलाने बसावे, तोंडावर हात न ठेवता सावकाश बोलावे आणि उत्तराची वाट पाहावी, एवढे शिकवून पाठविले तर ती भेट दोघांच्याही लक्षात राहील.

आरंभी वर्णिलेल्या प्रसंगातील आजींकडे पुन्हा एकदा पाहावे. दुसऱ्या दिवशी सेविका त्यांच्या समोर येऊन बसते, हाताला स्पर्श करते, गोळी तळहातावर ठेवून दाखवते आणि सावकाश सांगते. त्या गोळी घेतील, कदाचित घेणारही नाहीत. परंतु त्यांनी काय नाकारले हे त्यांना ठाऊक असेल, आणि 'समजत नाही' ही नोंद करण्यापूर्वी सेविका वहीत दुसरी नोंद करील : "कान तपासून घेणे." प्रत्येक वृद्धाश्रमाच्या वहीत ही नोंद व्हावी आणि तिच्यापुढे तपासणीची तारीख पडावी, एवढे पाहणे संबंधित सर्वांचे कर्तव्य आहे.